चंद्रीचा धूर

“थांबा सायेब, आदी वास घिऊ द्या.”

आमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. म्हणणारे आमचे मिस्त्री. मशीन कोणतंही असो, पान्याला हात लावण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढून काखेत मारायचे, डोळे मिटायचे आणि मान पुढे काढून मशीनचा वास घ्यायचे. आम्ही सगळे भोवती खोळंबून उभे. नव्या माणसाला हसू यायचं. मलाही आलं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शाळेत चौथीच्या पुढे गेलेली नसतात, पण इंजिनियर लोक त्यांना विचारल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. आमचे मिस्त्री पुणतांब्याचे. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, त्यामुळे मीही इथं नाव सांगत नाही. कोपरगावच्या बाजूला त्या काळात नुसतं ‘मिस्त्री’ म्हटलं तरी लोकांना कळायचं.

नाकाला ते फार जपत. विडी नाही, तंबाखू नाही, तपकिरीचं तर नावच नको. कामाच्या दिवशी कच्चा कांदासुद्धा खात नसत. आमच्या भागात भाकरीबरोबर कांदा न फोडणारा माणूस म्हणजे आजारी तरी असणार नाहीतर माळकरी तरी. फिटर लोक डिवचायचे, “काय मिस्त्री, तुमचा चातुर्मास बारा महिन्याचा हाय का?” मिस्त्री शांतपणे म्हणायचे, “बाबांनो, माजं पोट नाकावर हाय.”

एकदा कारखान्याचे चीफ इंजिनियर, म्हणजे आमचे मोठे साहेब, जीप घेऊन फाटकातून आत येत होते. जीप अजून पन्नास पावलं लांब. मिस्त्री वर्कशॉपच्या दारात पाठमोरे बसून कानशीनं लोखंड घासत होते. मान न वळवता म्हणाले, “सायबाच्या जीपचं क्लच जळतंय.” साहेब उतरले आणि ऐटीत म्हणाले, “गाडी आज काय पळाली!” पुढच्या आठवड्यात कोपरगावच्या चढावर जीप थांबली ती थांबलीच, आणि साहेब उसाच्या बैलगाडीत बसून आले.

माझ्याशी त्यांची पहिली भेट गोड झाली नव्हती. मी तेवीस वर्षांचा. डिप्लोमा कोरा करकरीत, इस्त्रीचा शर्ट, आणि नोकरीचा पहिला दिवस म्हणून वर थोडं अत्तर. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तसे मिस्त्री दोन पावलं मागे सरले. “धाकले सायेब, वाईच तिकडं व्हा. तुमच्यापुढं मला मशीनचा वास ईना.” सगळं वर्कशॉप हसलं. मला इतका राग आला, की पुढचा महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. अत्तर मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

आता चंद्रीकडे येतो.

चंद्री म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. गोऱ्या साहेबांच्या काळातलं. नगरच्या कुठल्याशा लिलावात कारखान्यानं ते घेतलं होतं. पुढे एका सिलिंडरचं पेट्रोलवर चालणारं इंजिन, मध्ये लोखंडी बैठक, पोटाखाली फिरणारी पाती. तिला ‘चंद्री’ हे नाव दिलं भागूजीनं. भागूजी आधी रोजंदारीवर विळ्यानं गवत कापायचा. त्याच्या आधी बैलगाडी हाकायचा. मशीन आल्यावर ते चालवायला कुणी धजेना, तेव्हा हा गडी पटका सावरून वर बसला आणि जिभेनं टक् टक् करत त्यानं मशीन हाकलं. वळताना तो “व्हय बाय, व्हय” म्हणायचा, थांबवताना “होऽ होऽ”. मशीनला ब्रेक होता, पण भागूजीचा विश्वास स्वतःच्या तोंडावर जास्त.

या मशीनमुळे भागूजी कायम झाला. कागदावर त्याचा हुद्दा ‘मशीनचालक’. वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. त्याच्या बायकोनं दारात कढीपत्ता लावला आणि धाकट्या पोरीला कारखान्याच्या शाळेत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घराला कुलूप लावण्यासारखं दार होतं, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गळीत हंगामाचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार होते. आसपासच्या दहा गावांत ऊस, भाव, पाणी सगळं मागं पडलं होतं आणि बोलणं फक्त हेलिकॉप्टरचं. ते उतरणार कारखान्यासमोरच्या मैदानात, आणि मैदानात गुडघाभर गवत. शनिवारी पाहुणे, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून चंद्री धूर ओकायला लागली.

धूर म्हणजे कसा, तर भागूजी दिसेनासा व्हायचा. निळसर पांढरे लोट. मशीन दहा पावलं चालायचं, गुदमरायचं आणि बंद पडायचं. दसऱ्याला मी तीन-चार दिवस नगरला घरी गेलो होतो. परत आलो तो हे प्रकरण माझ्या टेबलावर. मिस्त्री आणि त्यांची माणसं हंगामासाठी गाळपाच्या रोलरांत अडकलेली, म्हणून मोठ्या साहेबांनी हे ‘किरकोळ’ काम माझ्याकडे दिलं होतं.

मी पुस्तक उघडून बसलो. हवेची जाळी धुतली. प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून पुन्हा बसवला, त्यात एक स्प्रिंग उडाली ती शोधण्यात दुपार गेली. तेल आहे का ते पाहिलं. होतं. कमी नाही एवढं पाहिलं आणि झाकण लावलं. जास्त असेल हे मनात आलंच नाही. आपण सगळे वाढलो ते कमी पडेल या धास्तीत. जास्त झालंय का, हे बघायची कुणाला सवय?

धूर तसाच. मग मी तर्क लढवला. निळा धूर म्हणजे इंजिनचं तेल जळतंय. तेल जळतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. या मशीनच्या रिंगा आता कुठे मिळत नाहीत. सबब मशीन भंगारात काढावं. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वाचून मलाच माझं कौतुक वाटलं.

मोठे साहेब म्हणाले, “ठीक आहे. पन्नास बायका विळे घेऊन लावू, दोन दिवसांत मैदान साफ. नाहीतरी हे लाड कशाला? आज संध्याकाळी रिपोर्टवर सही करतो.” आणि जाता जाता म्हणाले, “मशीन नाही म्हणजे मशीनचालकही नाही. भागूजीला परत रोजंदारीवर घ्या. खोल्या महिनाअखेर मोकळ्या करून घ्या.”

हे वाक्य मी गृहीत धरलं नव्हतं. खरंच सांगतो, रिपोर्ट लिहिताना भागूजी माझ्या डोक्यात नव्हताच. पिस्टन होता, रिंगा होत्या, माणूस नव्हता. भागूजी दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. पटका काढून हातात घेतला, पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि थेट मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री आले ते जेवणाच्या सुट्टीत, स्वतःची भाकरी तशीच बांधून ठेवून. हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे न बघता भागूजीला म्हणाले, “कर चालू.”

भागूजीनं दोरी ओढली. चंद्री खोकली, थरथरली आणि भसकन धूर सुटला. पोरंटोरं, फिटर, वेल्डर सगळे मागे पळाले. मिस्त्री पुढे सरले. टोपी काखेत, डोळे मिटलेले. त्या धुरात ते उभे राहिले ते उभेच. मग एकदम हसायला लागले.

“धाकले सायेब, भूक लागली का?”

मला वाटलं हा माणूस माझी चेष्टा करतोय. “मिस्त्री, ही वेळ आहे का?”

“मी इचारतोय, भूक लागली का?”

“लागली!” मी ओरडलो.

“मलाबी लागली. ह्या पोरांनाबी लागली आसंल. इंजनाच्या धुरानं कदी भूक लागत न्हाई, सायेब, मळमळतं. ह्यो तळनाचा वास हाय. करडीचं त्याल!”

आणि खरंच! दोन दिवस त्या धुरात उभं राहून मला सारखे भज्यांचे विचार येत होते. मी दोष कॅन्टीनला देत होतो. आता सगळेच नाक वर करून वास घ्यायला लागले. “व्हय की!” “पापड तळल्यावानी!” एकच गलका उडाला. मिस्त्री जमिनीवर बसलेसुद्धा. “घमेलं आना! खालचा नट सोडा!”

नट सुटला आणि तेलाची धार लागली. घमेलं निम्मं भरलं. काठोकाठ भरलं. दुसरं आणलं. मशीनला जेवढं लागायचं त्याच्या दुप्पट तेल बाहेर आलं आणि शेवटी त्यावर काय तरंगत आलं, तर झेंडूची एक पाकळी आणि कुंकू लावलेले चार-पाच तांदळाचे दाणे.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. खंडेनवमी! खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा व्हायची. त्या दिवशी काय झालं ते मला मागाहून कळलं. भागूजीनं चंद्रीला धुतलं होतं, हार घातला होता, तेल बघायला झाकण उघडलं होतं आणि ते तसंच ठेवून तो सगळ्यांसाठी प्रसाद आणायला घरी गेला होता. समईचं तेल पळीसकट ताटात होतं. लेथला तेल दिलं, ड्रिलला दिलं, मग चंद्री काय सवतीची? कुणीतरी एक पळी घातली. त्याचं बघून दुसऱ्यानं घातली. सणाच्या दिवशी कुणाला उपाशी ठेवायचं नाही, हा आमच्या लोकांचा स्वभाव.

तेवढ्यात मोठे साहेब आले. घमेल्यांकडे पाहिलं, पाकळीकडे पाहिलं आणि भडकले. “हे कुणी केलं?”

साहेबांनी एकेकाकडे पाहिलं.

“मशीन कुणाच्या ताब्यात असतं? भागूजीच्या! झाकण कुणी उघडं ठेवलं? भागूजीनंच ना? मग झालं. मशीन दुरुस्त होवो न होवो, असला माणूस मला मशीनवर नको.”

आजूबाजूला पंधरा माणसं होती आणि पंधराही जण आपापल्या चपलांकडे बघत होते. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला, की काहीतरी बोलावं असं वाटलं. पण बोललो नाही, कारण रिपोर्ट माझ्याच खिशात होता.

मिस्त्री उठले. हात पुसले. टोपी नीट डोक्यावर ठेवली आणि साहेबांसमोर जाऊन म्हणाले, “पयली पळी माजी, सायेब.”

साहेब बघतच राहिले. “तुम्ही? मिस्त्री, तुम्ही?”

“व्हय. भागूजी तवा घरी गेल्ता. त्याला काय म्हाईत न्हाई. काय करायचं ते मला करा.”

पुढचं दृश्य मी कधी विसरणार नाही. मागून फिटरचा आवाज आला, “दुसरी माजी.” मग टर्नर पुढे आला. मग स्टोअरचा शिपाई. मग वेल्डर, तो तर ख्रिस्ती, रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणारा. साहेब त्याला म्हणाले, “अरे, तू पण?” तो म्हणाला, “समद्यांनी घातलं सायेब, मंग मला बरं न्हाई वाटलं.” एकेक करत सात जण झाले. साहेबांना राग आवरावा की हसू, हे कळेना. शेवटी ते म्हणाले, “पाच वाजेपर्यंत मशीन धुराशिवाय चाललं तर ठीक. नाहीतर रिपोर्टवर सही.”

मग जी पळापळ सुरू झाली! रॉकेलनं इंजिन आतून धुतलं. पुन्हा धुतलं. प्लग चुलीवर तापवून साफ केला. नवं तेल मिस्त्रींनी स्वतः मापून, खुणेपर्यंत, एक थेंब वर नाही, असं घातलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. साहेब हातावरचं घड्याळ बघत उभे. भागूजीनं दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन फुटफुटलं आणि पुन्हा तोच भला मोठा निळा लोट!

“बघितलंत?” साहेब वळले.

“थांबा सायेब!” मिस्त्री एवढ्या मोठ्यानं ओरडलेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. “सायलेन्सरमधी राहिलेलं जळतंय. जळू द्या! भागूजी, बंद करू नगं!”

आम्ही सगळे धुराकडे डोळे लावून उभे राहिलो. असं कधी कुणी धुराकडे पाहिलं नसेल. निळा होता तो करडा झाला. करड्याचा विरळ झाला. मध्येच पुन्हा भपकारा आला तसा फिटरनं कपाळावर हात मारला. पुन्हा विरळ. मग धुरापलीकडचं कडुनिंबाचं झाड दिसायला लागलं, मग झाडाची पानं, आणि मग नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली. इंजिनाचा आवाज असा गोल आणि गुळगुळीत लागला, की कुणीतरी शिट्टी मारली. मी मारली असणार, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“बस वर,” मिस्त्री म्हणाले. भागूजी बसला, जिभेनं टक् टक् केलं, आणि चंद्री मैदानात शिरली. मागे गवताचा हिरवा पट्टा पडत गेला. पोरं ओरडत मागे धावली. मी खिशातला रिपोर्ट काढला आणि चारदा फाडला. शनिवारी हेलिकॉप्टर उतरलं ते त्या मैदानात. पाहुण्यांनी मैदानाकडे पाहिलंही नाही, पण आमच्या वर्कशॉपचे लोक पाहुण्यांकडे न बघता मैदानाकडेच बघत होते.

भागूजीची नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. पण शिस्त म्हणून एक कागद व्हायलाच हवा होता. साहेब म्हणाले, सात जणांना कशाला, सगळ्यात वरिष्ठ आणि पहिला गुन्हेगार मिस्त्री, त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारा. तो मीच लिहिला, लाल शाईनं. ‘पूजेच्या निमित्ताने यंत्रात खाद्यतेल ओतून नुकसान केले. सक्त ताकीद.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चूक केली, कबूल केली, शेरा मिळाला. पुढच्या वर्षी फोरमनची जागा निघाली तेव्हा तो शेरा आडवा आला आणि जागा दुसऱ्याला गेली. मिस्त्री त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या धुराच्या प्रसंगानंतर तीन वर्षांनी, ऐन हंगामात, मिस्त्री गेले. दुपारी रोलरजवळ उभे होते, छातीत कळ आली, म्हणून पायरीवर बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी आम्ही सगळे गेलो.

त्यांच्या बायकोचे कागद करायचं काम माझ्याकडे आलं. तीस वर्षांच्या नोकरीत लाल शेरा एकच, माझ्या अक्षरातला. रजेचा हिशोब लावताना जुने अर्ज चाळत होतो. त्यात एक चिठ्ठी निघाली, मिस्त्रींच्या वाकड्या अक्षरातली. आईला बरं नाही म्हणून अष्टमीपासून दसऱ्यापर्यंत तीन दिवस रजा मिळावी, गावी जातो. चंद्रीनं धूर ओकला त्याच वर्षीची. मी हजेरीपट काढून पाहिला. खंडेनवमीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे रजा होती. ते कारखान्यात नव्हतेच.

मी तसाच मैदानावर गेलो. भागूजी चंद्रीच्या पात्याला धार लावत होता. मी चिठ्ठी वाचून दाखवली.

“भागूजी, मिस्त्री त्या दिवशी इथं नव्हते!”

भागूजीनं कानस खाली ठेवली. “व्हय सायेब.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“समद्यांनाच म्हाईत हुतं. म्हनून तर बाकीच्यांना गप बसवंना.” मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात तो म्हणाला, “फकस्त तुमाला आन् मोठ्या सायबाला न्हवतं म्हाईत.”

मी ऑफिसात परत आलो. लाज वाटत होती, रडूही येत होतं. मग सेवापुस्तक उघडलं आणि माझ्याच लाल शेऱ्याखाली, त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सदर दिवशी मिस्त्री रजेवर होते. वरील शेरा चुकीचा आहे.’ खाली सही केली आणि तारीख घातली. ती तीन वर्षं उशिराची होती.